जाहिरात आपल्या भाषेत, करार त्यांच्या

गोव्यातल्या पावसाळ्यात पुस्तकं सांभाळणं म्हणजे एक व्रतच. चार दिवस कपाट उघडलं नाही की पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरते. परवा असाच एक एक पुस्तक फडक्याने पुसून ठेवत होतो, तेव्हा अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी हातात आली. पानं पिवळी पडलीत, पाठीचा पुठ्ठा सुटलाय. पुसता पुसता सहज उघडलं आणि मग काम तसंच राहिलं. संध्याकाळी बायकोने दिवा लावला तेव्हा भान आलं.

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून. तेव्हा ती लायब्ररी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. त्या वेळी पुस्तक अर्धं वाचून मी ते बंद केलं होतं. का, ते पुढे सांगतो. त्याआधी ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगायला हवी.

युर्गिस रुडकुस हा लिथुआनियातला एक धट्टाकट्टा शेतकरी तरुण. ओना नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडलेला. तिचा बाप वारला, शेत गेलं, आणि मग ओनाची सावत्र आई एल्झबिएता, तिची सहा पोरं, तिचा भाऊ, ओनाची चुलतबहीण मारिया आणि युर्गिसचा म्हातारा बाप असा बाराजणांचा गोतावळा अमेरिकेला निघतो. तिथे कुणा ओळखीच्या माणसाने म्हणे पैसा कमावलाय. तो माणूस प्रत्यक्षात शिकागोत खाण्यापिण्याचं एक लहानसं दुकान चालवतो आणि स्वतःच कर्जात आहे. पण हे त्यांना तिथे पोचल्यावर कळतं. आखातात गेलेल्या माणसाचं गावातलं वजन आणि तिथली त्याची खोली, या दोहोंतलं अंतर ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

शिकागोत 'युनियन स्टॉक यार्ड्‌स' म्हणून जनावरांचा प्रचंड बाजार होता. १८६५ साली सुरू झाला, १९७१ साली बंद पडला. त्याला लागूनच कत्तलखाने आणि मांस डबाबंद करण्याचे कारखाने. युर्गिसला पहिल्याच दिवशी, दारात उभ्या असलेल्या गर्दीतून, केवळ खांद्यांकडे बघून काम मिळतं. इतर लोक महिनोन्‌महिने तिथे उभे आहेत, त्यांच्याकडे बघून तो हसतो. ही माणसं नालायक असतील, आपल्यासारख्याला कसली भीती, असं त्याला मनापासून वाटतं. कुठलीही अडचण आली की त्याचं एकच उत्तर ठरलेलं असतं: मी आणखी काम करीन.

कादंबरी सुरू होते त्याच्या आणि ओनाच्या लग्नाच्या जेवणाने. सिंक्लेअर १९०४ साली सात आठवडे शिकागोत राहिला होता. तिथे त्याने खरोखरचं एक लिथुआनियन लग्न पाहिलं आणि त्यातूनच त्याला कादंबरीची सुरुवात सापडली. लग्नाचा खर्च दोनशे-तीनशे डॉलर. पाहुण्यांनी नवरीबरोबर नाचायचं आणि जाताना आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे ठेवायचे, ही त्यांची रीत, आपल्याकडच्या आहेरासारखी. गावात सगळे ती पाळायचे. इथे मात्र तरुण पोरं पोटभर जेवतात, नाचतात आणि मागच्या दाराने सटकतात. ओना रडकुंडीला येते. युर्गिस म्हणतो, काळजी करू नकोस, मी आणखी काम करीन. वाचणाऱ्याला तिथेच पोटात कसंसं होतं. गावची रीत इथे चालत नाही आणि इथली रीत अजून कळलेली नाही, अशा दोहोंच्या मधे हा माणूस उभा आहे.

आता मला ज्या प्रकरणाविषयी लिहायचंय ते घरखरेदीचं. लग्नाआधीच या मंडळींच्या हाती एक जाहिरात पडते. रंगीत चित्र, सुंदर घर, आणि 'घर' हा शब्द पोलिश, लिथुआनियन, जर्मन अशा भाषांत छापलेला. भाडं कशाला भरता, त्याच पैशात स्वतःचं घर घ्या, असा एकूण सूर. घराची किंमत १५०० डॉलर. ३०० आधी भरायचे, उरलेले महिना १२ डॉलरप्रमाणे. ३०० म्हणजे त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं.

सह्या करायच्या दिवशी युर्गिसला सुट्टी मिळत नाही. एल्झबिएता आणि ओना जातात, सोबत तो दुकानदार शेदविलास, कारण त्याला इंग्रजी थोडंफार वाचता येतं. तो करार वाचू लागतो आणि त्याच्या कपाळावर घाम येतो. कागदात विक्री कुठेच नाही, सगळीकडे 'भाडं' असा शब्द आहे. वकील आणायचं ठरतं. वकील येतो, तो एजंटला त्याच्या घरगुती नावाने हाक मारतो. दोघी बायका ते ऐकतात. सगळं समजतं. तरीही वकील 'सगळं ठीक आहे' म्हणतो तेव्हा त्या पैसे काढून देतात. रात्री युर्गिस घरी येतो, ऐकून संतापतो, कागद घेऊन धावत दुसऱ्या वकिलाकडे जातो. तोही सांगतो की कराराचा नमुना असाच असतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

काही दिवसांनी शेजारची मायाउष्किएने आजी गप्पा मारायला येते आणि सहज सांगून जाते की महिन्याच्या १२ डॉलरखेरीज सात टक्के व्याजही भरायचं असतं. करारात लिहिलंय ते. शिवाय हे घर नवं नाही, पंधरा वर्षांचं जुनं आहे, वरून फक्त रंग दिलेला. याआधी किमान चार कुटुंबांनी ते असंच घेतलं आणि हप्ते चुकल्यावर गमावलं. कंपनी पुन्हा रंग देते आणि पुन्हा विकते. त्या रात्रीनंतर ओना कामाला जाऊ लागते आणि एल्झबिएताच्या थोरल्या पोराला, स्तानिस्लोवासला, वय दोन वर्षं वाढवल्याचा दाखला काढून डब्यांत चरबी भरायच्या यंत्रापाशी उभं करतात.

युर्गिसच्या अधःपाताबद्दल बोलताना समीक्षक सहसा पुढच्या घटना सांगतात. कामावर पाय मुरगळून तो महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो आणि बरा झाल्यावर त्याची जागा गेलेली असते. मग खताच्या कारखान्यातलं सर्वांत घाण काम. ओनावर तिच्या मुकादमाने केलेली जबरदस्ती, त्या मुकादमाला मारल्याबद्दल तुरुंग, ओनाचं बाळंतपणात मरण, लहानग्या पोराचं रस्त्यावर साचलेल्या पाण्यात बुडणं. मग भटकंती, भीक, चोरी, पुढाऱ्याची चाकरी. आणि शेवटी १९०४ च्या संपात हाच युर्गिस संप फोडणाऱ्यांतला एक होतो. सिंक्लेअर त्याला सोवळा ठेवत नाही, हे मला या लेखकाचं मोठेपण वाटतं. ज्यांना पाहून तो पहिल्या दिवशी हसला होता त्यांच्याही खाली तो जातो. अखेरच्या प्रकरणांत त्याला समाजवाद भेटतो, भाषणं होतात. तो भाग मला तेव्हाही कोरडा वाटला आणि परवाही वाटला.

पण त्याची पडझड मला तरी त्या मुरगळलेल्या पायापासून सुरू झाली असं वाटत नाही. ती त्या टेबलावर झाली, जिथे तो स्वतः हजरही नव्हता. जाहिरात त्याच्या भाषेत होती, करार त्यांच्या भाषेत. घर दाखवायचं होतं तेव्हा लिथुआनियन शब्द शोधून छापला. व्याज सांगायचं होतं तेव्हा इंग्रजी पुरलं.

इथे एक गोष्ट कादंबरीच्या बाहेरची, पण मला महत्त्वाची वाटते. युर्गिसचा देश तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. १८६० च्या दशकात झालेल्या उठावानंतर झारच्या सरकारने लिथुआनियन भाषा रोमन लिपीत छापायला बंदी घातली होती. ती बंदी जवळजवळ चाळीस वर्षं टिकली आणि उठली ती १९०४ साली. या काळात लोक प्रशियाच्या हद्दीतून पुस्तकं पाठीवर बांधून चोरून आणत. पकडले गेले तर सैबेरिया. आपल्याच अक्षरांतलं पुस्तक जवळ बाळगणं हा जिथे गुन्हा होता, अशा मुलखातून ही माणसं आली होती. शिकागोत त्यांना आपल्या अक्षरांत 'घर' असं छापलेलं दिसलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला असेल तर हसू कसं येईल?

आपल्याला तर मुळीच येऊ नये. आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात भाटाची एस्क्रितुरा होती, १९३० च्या दशकातली, पोर्तुगीजमध्ये. आजोबांना मराठी उत्तम येत होतं. ज्ञानेश्वरी वाचायचे, पंचांग बघायचे, मुंबईहून येणारी मासिकं वाचायचे. पण स्वतःच्या भाटाचा कागद त्यांना वाचता येत नसे. गावात 'सेगुंद ग्राव' झालेले एक गृहस्थ होते, ते वाचून दाखवत, आणि ते सांगतील तेवढाच त्या कागदाचा अर्थ. १९६१ नंतर पोर्तुगीज गेली, इंग्रजी आली. वाचून दाखवणारा माणूस फक्त बदलला. आमच्या घरात तो माणूस मी होतो.

ही गोष्ट १९७९ सालची. मी नववीत होतो. माझे मामा खाणीवरच्या एका वर्कशॉपात फिटर होते. हात सोन्याचा, पण पगार बेताचा आणि पावसाळ्यात काम कमी. मुंबईच्या एका एजंटाने आखातातलं काम देतो म्हणून सांगितलं. एजंटाचा माणूस गावात आला तेव्हा कोंकणीत बोलला. इतकं गोड, की मामीने त्याला जेवायला ठेवून घेतलं. मामांनी काजूंचं भाट गहाण टाकून पैसे उभे केले. मग एके दिवशी टपालाने कागद आले, एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

संध्याकाळी मामा ते घेऊन आमच्याकडे आले. सोप्यावर सगळे बसले होते. बाबा, आई, शेजारचे दोघे. मी इंग्रजीत वर्गात पहिला यायचो, हे आईने दहा ठिकाणी सांगून ठेवलेलं. मामांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच रे बाबू, कितें बरयलां तें पळय."

मी वाचू लागलो. मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, छान उच्चार करत. नाव, गाव, पगाराचा आकडा, तेवढं कळलं. पुढे लांबच लांब वाक्यं होती. 'डिडक्शन' असा एक शब्द होता, तो मला माहीत नव्हता. 'डिस्क्रिशन' असाही एक होता. त्या दोन शब्दांच्या आसपास काहीतरी होतं, हे मला जाणवलं, कारण ते पुन्हा पुन्हा येत होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. "कळत नाही" असं म्हणायला मला फार झालं तर दोन सेकंद लागले असते. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "सगळें बरें आसा, मामा."

आईचा चेहरा मला अजून आठवतो. अभिमानाने फुललेला.

मामा गेले. तिथे त्यांना फिटरचं काम मिळालं नाही. मालकाला वाटेल ते काम देण्याची मुभा त्या कागदात होती. उन्हात पाइप वाहायचं काम मिळालं. पगारातून राहण्याचे, जेवणाचे आणि विमानाच्या तिकिटाचे पैसे कापले जात. तेही लिहिलेलं होतं. अडीच वर्षांनी ते परत आले तेव्हा अंगावरचे कपडे ढगळ दिसत होते. गहाण सुटलं नाही. त्या भाटात आता दुसऱ्याचं घर आहे. मामा पुन्हा वर्कशॉपात लागले, पण आधीच्या जागेवर नव्हे, आधी ज्याला त्यांनी काम शिकवलं होतं त्याच्या हाताखाली. माझ्यासाठी त्यांनी एक टॉर्च आणला होता.

कॉलेजात असताना लायब्ररीत 'द जंगल' मधलं ते वकिलाचं पान वाचलं आणि पुस्तक बंद केलं ते यासाठी. तोवर त्या संध्याकाळचा मी कधी विचारच केला नव्हता. एजंट लबाड होता, मामांचं नशीब वाईट होतं, एवढंच आमच्या घरात बोललं जायचं. त्या पानावर मला दिसलं की त्या सोप्यावर एक वकीलही होता. शिकागोतल्या वकिलाचे एजंटाशी निदान लागेबांधे होते. मला तर कुणी पैसे दिले नव्हते. मी फुकटच खोटं बोललो होतो, हुशार दिसावं म्हणून.

पुस्तक पुरं वाचायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. त्यात तुरुंगातून सुटलेला युर्गिस घरी येतो तो प्रसंग आहे. तो धावत आपल्या गल्लीत येतो आणि दारापुढे थबकतो. घराचा रंग निराळा. जुनं करडं घर पिवळं झालंय, खिडक्यांच्या लाल पट्ट्या हिरव्या झाल्यात. आतून एक गुटगुटीत, अनोळखी पोरगा बाहेर येतो. हप्ते चुकले, घर गेलं, कंपनीने रंग दिला आणि पुन्हा विकलं. मायाउष्किएने आजीने सांगितलं होतं तसंच. मामांच्या भाटावरून जाताना तिथल्या नव्या घराचा रंग मी कधी नीट पाहिलेला नाही. मान आपोआप दुसरीकडे वळते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मामा निवृत्त झाल्यावर, मी त्यांना एकदा सगळं सांगितलं. पावसाळ्याचेच दिवस होते. ते आगरातल्या पोफळींकडे बघत बसले होते. मी म्हटलं, मला तो कागद कळला नव्हता, तरी मी कळला म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग म्हणाले, "तुवें सांगलें आसतें तरी हांव वतलोंच आशिल्लों." तू सांगितलं असतंस तरी मी गेलोच असतो. भाट आधीच गहाण पडलं होतं, एजंटाला पैसे पोचले होते, गावभर झालं होतं. कागद नंतर आला.

हे त्यांनी मला मोकळं करण्यासाठी म्हटलं असेल. पण ते खरंही होतं, आणि सिंक्लेअरला ते ठाऊक होतं असं मला परवा पुन्हा वाचताना वाटलं. एल्झबिएता आणि ओना यांनाही वकील कुणाचा आहे ते कळलेलं असतं. त्या अडाणी असतील, मूर्ख नव्हत्या. पण बाराजणांचं बिऱ्हाड समुद्र ओलांडून आलंय, मागे शेत नाही, जवळचे पैसे रोज कमी होताहेत. अशा वेळी माणूस कागद वाचतो तो नाही म्हणण्यासाठी नव्हे. कुणीतरी 'सगळं ठीक आहे' म्हणावं, एवढ्यासाठी वाचून घेतो. मामांनाही माझ्याकडून तेवढंच हवं होतं आणि मी ते दिलं.

तरी मी स्वतःला पुरतं सोडत नाही. कळत नाही म्हटलं असतं तर मामा गेले असते, पण पाइप वाहावे लागतील हे जाणून गेले असते. तिथे पहिल्या दिवशी त्यांना जो धक्का बसला, तो बसला नसता. पैसे कापले गेले तेव्हा 'माझंच काही चुकलं' असं ते जे दोन वर्षं मानत राहिले, ते कदाचित मानलं नसतं. युर्गिसचंही हेच होतं. मी आणखी काम करीन, हे त्याचं पालुपद ऐकायला शूरपणाचं वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की जे बिघडलं ते माझ्या अंगमेहनतीत बिघडलं. कराराने केलेली लूट तो स्वतःच्या खांद्यांकडून वसूल करायला निघतो. खांदे मोडतात तेव्हा त्याच्यापाशी दुसरं काही उरत नाही.

पुस्तकाचं पुढे काय झालं ते प्रसिद्धच आहे. १९०५ साली ही कादंबरी 'अपील टू रीझन' या साप्ताहिकात क्रमशः आली, १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तकरूपाने. कारखान्यांतल्या सडक्या मांसाची वर्णनं वाचून अमेरिका हादरली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशीला माणसं पाठवली आणि ३० जून १९०६ रोजी मांसाच्या तपासणीचा आणि अन्न-औषधांच्या शुद्धतेचा असे दोन कायदे झाले. लोकांच्या काळजावर नेम धरला होता, तो पोटाला लागला, अशी खंत सिंक्लेअरने नंतर बोलून दाखवली. खाणाऱ्याचं रक्षण झालं. युर्गिसचा घराचा करार कुणाच्या लक्षात राहिला नाही.

आमच्या गावातून आजही मुलं बाहेर जातात. आखातात जातात, बोटींवर जातात. ज्या पोर्तुगीज नोंदी आमच्या आजोबांना वाचता येत नव्हत्या, त्याच आज लोक पणजीत शोधत फिरतात, कारण आजोबांच्या जन्माच्या नोंदीवर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो आणि त्याच्या जोरावर कितीतरी गोंयकार इंग्लंडात, स्विंडनसारख्या गावी जाऊन राहिले. कागद आता मोबाइलवर येतो. खाली एक चौकोन असतो, त्यावर बोट टेकलं की काम झालं.

दोन महिन्यांपूर्वी शेजारचा एक मुलगा असाच मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. क्रूझ बोटीवरच्या नोकरीचे कागद. "काका, जरा बघाल?" मी चष्मा लावला. इंग्रजीत आयुष्य काढूनही त्यातली दोन कलमं मला नीट कळली नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्याला वेगळं उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मडगावला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कोंकणीत एक एक कलम समजावलं, कशाचे पैसे कापतील, मधेच सोडून आलास तर काय होईल, ते सगळं.

मुलगा गेला. तो जाणारच होता. जाताना त्या दोन कलमांचा अर्थ त्याने वहीत कोंकणीत लिहून घेतला होता.